धुतलेला पूल

पूल धुवायची कल्पना आर्डिथ सँडनेसची. तिची एकटीची. तिच्या जोडीने काम करणाऱ्या लोवेलने नंतर हे तिला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी ती स्वतःच आधी सांगून मोकळी व्हायची, "धुतला मी. हो, मीच."

शुक्रवारची दुपार होती. थिंबल नदीच्या दोन्ही काठांना लार्चची सूचिपर्णी झाडं पिवळी पडून उभी होती, हळद लागलेल्या नवऱ्यांसारखी, आणि त्यांच्यामधून तो पूल झोका टाकावा तसा नदीवर टाकलेला. एकशे दहा फूट लांब. दोन्ही काठांना सबंध ओंडक्यांच्या उंच चौकटी. ओंडक्यांची साल काढलेली, पण गाठी तशाच ठेवलेल्या, कुऱ्हाडीचे घाव तसेच ठेवलेले, की बघणाऱ्याला वाटावं झाडंच दोन पावलं पुढे येऊन पाण्याशी थांबली. चौकटींच्या खांद्यांवरून लोखंडी दोर, दोरांना टांगलेल्या सळ्या, आणि सळ्यांवर पेललेली फळ्यांची वाट. चौतीस साली, मंदीच्या दिवसांत, सरकारने कामाला लावलेल्या पोरांनी तो बांधला. त्या पोरांना सुतारकाम येत नव्हतं. भूक तेवढी येत होती. शिकत शिकत बांधला आणि असा बांधला की पन्नास वर्षं खेचरांचे तांडे त्याच्यावरून डोंगरातल्या वनरक्षकांच्या वरच्या चौकीला सामान नेत राहिले.

मग चौकटींचे पाय कुजले. पूल बंद झाला. राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीत लोखंडी पुलाचा नकाशा तयार झाला, निळ्या रेघांचा, गुंडाळी करून दोरा बांधलेला.

आर्डिथ त्या राष्ट्रीय उद्यानाची सुतारीण. जुन्या लाकडी चौक्या, फाटकं, बाकं, दिशा दाखवणाऱ्या पाट्या. जे जे कुजेल ते तिचं. वय छप्पन्न, हात पुरुषाचे, आवाज पाखराचा. ती हॅस्केटसाहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली ती हललीच नाही. हॅस्केटसाहेब उद्यानाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "आर्डिथबाई, शोभेचा पूल ठेवायला माझ्याकडे पैसे नाहीत. हा कामाचा पूल आहे. तुम्ही दुरुस्त करा. हिवाळ्याचं सामान खेचरांवरून पलीकडे गेलं तर लाकडी पूल राहील. नाही गेलं तर सामान हेलिकॉप्टरने टाकू, आणि पायी येणाऱ्यांसाठी लोखंडी."

"जाईल," आर्डिथ म्हणाली होती.

दोन उन्हाळे तिने आणि लोवेल पेक्कालाने त्या पुलावर काढले. नवे ओंडके जंगलातून ओढून आणले. एका ओंडक्याच्या पोटात दुसऱ्याची पाठ अशी बसवली की मधे पोस्टाचं तिकीट सरकू नये. जुनी वाट तर पार सडली होती. ती सगळी उचकटून नव्या फळ्या घातल्या, एकूण एकशे बत्तीस. आणि आता काम संपलं होतं. उद्या शनिवार. उद्या हॅस्केटसाहेब येणार होते, उद्या डेल्मर रोक आपली नऊ खेचरं घेऊन येणार होता. वरच्या डोंगरांवर ढग बसायला लागले होते. आठवड्याभरात बर्फ पडेल आणि वाट बंद होईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरी खेप नव्हती.

म्हणून पूल धुवायचा.

"आणखी एक बादली," आर्डिथ म्हणाली.

"चौदावी," लोवेल म्हणाला. लोवेलचं घराणं मूळचं फिनलंडचं. तो तासाला एक शब्द बोलायचा, आणि तोही दाढीतून गाळून.

"मोजतोस कशाला?"

"मी नाही. गुडघे मोजतायत."

दोघं गुडघ्यांवर बसून फळी न् फळी घासत होते. दोन महिन्यांची धूळ, भुसा, बुटांचे ठसे, सांडलेली कॉफी, सगळं साबणाच्या फेसाबरोबर फटींतून खाली नदीत जात होतं. पाईनच्या वासाचा साबण होता. मग ऊन खाऊन फळ्या वाळल्या, तेव्हा आर्डिथने जवसाच्या तेलाचा डबा उघडला.

"तेलपण?" लोवेल म्हणाला.

"लग्नाच्या दिवशी मुलीला न्हाऊ घालून कुणी तसंच उभं करतं का?"

संध्याकाळी पूल असा चकाकत होता की त्याच्यात पिवळी झाडं दिसत होती. आर्डिथ काठावर बसून बघत राहिली. बाजूला हकलबेरीचे दोन 'पाय' होते, मैद्याच्या कवचात रानफळं भरून भाजलेले, उद्यासाठी तिने पहाटेच करून आणलेले. आंबटगोड जांभळ्या फळांचा रस वरच्या कवचातून बाहेर येऊन वाळला होता. लोवेलने एकाकडे हात नेला. तिने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"उद्या."

"उद्या," लोवेलने निमूटपणे हात मागे घेतला.

सकाळी नऊच्या सुमाराला आधी गाणं आलं, मग डेल्मर. तो नेहमी असाच यायचा. वाटेच्या वळणाआडून त्याचा चिरका, पण सुरात बसलेला आवाज यायचा, त्यामागून खुरांचा ठेका:

*चल गं माझे मैने, वाट उभ्या डोंगराची,*
*तुझ्या पाठीवर बाई, शिदोरी साऱ्या चौकीची.*

पुढे घोडीवर तो, मागे एकामागे एक नऊ खेचरं, पातळ दोरीने एकमेकांना जोडलेली. दोरी मुद्दाम पातळ. एकाचा पाय घसरला तर ती तुटावी आणि बाकीची वाचावीत. ताडपत्रीत बांधलेली ओझी दोन्ही अंगांना डुलत होती: पीठ, घेवडा, बटाटे, रॉकेल, चौकीच्या शेगडीचं नवं धुराडं. सगळ्यांत पुढे मेबल. करड्या रंगाची, बावीस वर्षांची, एक कान टोकाला फाटलेला. मेबल जाईल तिकडे बाकीची आठ जात. मेबल थांबेल तिथे जग थांबे.

"सुतारीणबाई!" डेल्मर घोडीवरून उतरता उतरता ओरडला. तो आणि आर्डिथ एकाच खोऱ्यात वाढलेले, एकाच बाकावर बसून शाळेत मार खाल्लेले. "हे काय गं? पूल आहे की नाचायची फरशी?"

"तुला नाचता येत असतं तर विचारलं असतंस का?"

"येतं की. तुझ्या लग्नात तूच नाही म्हणालीस."

"माझ्या लग्नात तुला उभं राहता येत नव्हतं, खेचरवाल्या!"

लोवेल दाढीत हसला. हॅस्केटसाहेबही तेवढ्यात आले, पायीच, रुंद काठाची टोपी, आरशासारखे बूट, काखेत फाइल आणि ती निळ्या नकाशाची गुंडाळी. त्यांनी चौकटीच्या ओंडक्यावर हात ठेवला, वर पाहिलं, सांध्यावरून बोट फिरवलं. बोट कुठे अडकलं नाही.

"सुंदर काम," ते म्हणाले. मनापासून म्हणाले. "आता मला फक्त ती पलीकडे गेलेली बघायची. दोन वाजता मला खाली कचेरीत असायलाच हवं."

"दोन कशाला, साहेब," डेल्मर म्हणाला, "साडेनवाला आम्ही पलीकडे कॉफी उकळत बसू."

झुलत्या पुलावर खेचरं जोडीने नेत नाहीत. एकेक सोडून, हातात दोरी धरून, माणूस पुढे आणि जनावर मागे असं न्यायचं. डेल्मरने मेबलला सोडलं. गळ्याखाली खाजवलं. आणि गुणगुणत पुलावर चढला.

दोरी ताणली गेली. डेल्मर थांबला. मागे वळून पाहिलं.

मेबलने मान खाली घातली होती. पहिल्या फळीपासून वीतभर अंतरावर नाक आणून ती हुंगत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, चष्मा लावून कागद वाचणाऱ्या मास्तरासारखी. मग तिने नाकपुड्यांतून फुर्रर्र केलं, दोन पावलं मागे सरकली आणि उभी राहिली. पाय नव्हेत ते, मेखा.

"चल की गं," डेल्मर म्हणाला.

मेबल डोंगराकडे बघू लागली.

डेल्मरने गूळ... नाही, गूळ कुठला, खिशातला साखरेचा खडा काढून तळहातावर धरला. मेबलने मान लांब केली, ओठ लांब केले, खडा उचलला, चावून खाल्ला, आणि पाय जागचा हलवला नाही. डेल्मर मागे जाऊन रेटायला लागला. मेबलने नुसतं वळून पाहिलं. तो लगेच बाजूला झाला.

"काय केलंस गं हिला?" तो आर्डिथला म्हणाला.

"मी हिला काय करणार? मी आता पाहतेय तिला!"

"हा पूल तिने हजारदा ओलांडलाय. डोळे मिटून ओलांडलाय."

दुसरं खेचर आणलं. त्याने मेबलकडे पाहिलं आणि तिच्याशेजारी जाऊन उभं राहिलं. घोडी आणली. घोडी फळीवर एक खूर ठेवून दचकली, तेलावर तो खूर जरा सरकला, आणि ती अशी उधळली की डेल्मरची टोपी नदीत पडायची वाचली. आता नऊच्या नऊ खेचरं कान मागे टाकून, एका रांगेत, पुलाकडे पाठ करून उभी होती. लग्नात रुसलेल्या वऱ्हाडासारखी.

आर्डिथचा चेहरा उतरला. ती धावत पुलाच्या मध्यावर गेली आणि दोन्ही पायांनी उड्या मारायला लागली. "बघ! बघ मेबल! काही होत नाही! हत्ती गेला तरी काही होत नाही!" पूल लाटेसारखा वर-खाली झाला, सळ्या किणकिणल्या. मेबल आणखी चार पावलं मागे गेली.

"आर्डिथ, उतर खाली," डेल्मर म्हणाला. "तू तिला सांगतेयस की हा पूल हलतो."

दहा वाजले. साडेदहा वाजले. हॅस्केटसाहेब एका ओंडक्यावर बसले होते. घड्याळाकडे बघायचं टाळत होते, आणि ते टाळताना दिसत होते. त्यांच्या मांडीवर ती निळी गुंडाळी आडवी पडली होती. आर्डिथला तिच्याकडे पाहवेना. दोन उन्हाळे. एकशे बत्तीस फळ्या. बर्फ पडल्यावर कुणी म्हणणार नाही की सुतारकाम वाईट होतं. सगळे म्हणतील पूल छान होता, आणि मग लोखंडी येईल.

"डोळे बांधून न्या," लोवेल म्हणाला.

डेल्मरने मान हलवली. "आज जाईल. परत येताना काय? आणि वसंतात? डोळे बांधून नेलेल्या जागी ती पुन्हा जन्मात येणार नाही. बावीस वर्षांत मी तिच्याशी एकदाही खोटं बोललो नाही रे. बायकोशी बोललो असेन."

कुणी हसलं नाही. म्हणजे परिस्थिती खरंच वाईट होती.

आर्डिथ मेबलशेजारी जाऊन उभी राहिली. तिला एकाएकी मेबलचा राग येईनासा झाला. हे जनावर गेली कित्येक वर्षं पाठीवर दीडशे पौंड घेऊन डोंगर चढत होतं. ते उगाच अडून बसणार नाही. मग काय दिसत होतं तिला? आर्डिथने मेबलच्या नजरेने पाहायचा प्रयत्न केला. आणि मग तिच्या लक्षात आलं, की मेबल बघत नव्हतीच. मेबलने बघितलं नव्हतं, हुंगलं होतं.

छप्पन्न वर्षांची आर्डिथ सगळ्यांदेखत पुलाच्या तोंडाशी हातापायांवर ओणवी झाली आणि पहिल्या फळीला नाक लावलं.

"अरे देवा," डेल्मर हळूच म्हणाला. "हिचीपण अक्कल गेली."

साबण. पाईन. जवसाचं तेल. लग्नघराचा वास. आर्डिथ पुढे सरकली, दुसरी फळी हुंगली, तिसरी. सगळीकडे तेच. गोड, स्वच्छ, कोरं. तिला जुन्या फळ्या आठवल्या, उचकटताना हाताला आलेल्या. त्यांच्या फटींत पन्नास वर्षांची लीद आणि माती दाबून दाबून बसलेली, काळी, पटाशीने खरवडून काढावी लागली होती. तिने नाक मुरडून ती झुडपांत फेकून दिली होती. एकदा नाही, चार दिवस फेकत होती. आणि काल उरलासुरला माणसांचा वाससुद्धा चौदा बादल्या पाण्याने धुऊन काढला होता.

ती टाचांवर बसली.

"डेल्मर," ती म्हणाली, "हिच्या लेखी इथून कुणी गेलंच नाही कधी."

"काय?"

"तिच्या आईचा वास नाही. तिच्या बरोबरीच्यांचा नाही. तिचा स्वतःचा नाही. वाट म्हणजे काय रे तिच्यासाठी? आधी गेलेल्यांची लीद! मी वाट धुऊन टाकली. मी मूर्ख बाई, ब्रश घेऊन बसले आणि पन्नास वर्षांची वाट नदीत सोडली!"

डेल्मरने तिच्याकडे पाहिलं. पुलाकडे पाहिलं. मग त्याचं तोंड हळूहळू कानापर्यंत पसरलं.

"काल खेचरं कुठे बांधली होती?" आर्डिथ उठलीच होती.

"खालच्या कुंपणात. हाकेच्या अंतरावर."

"झाडलं नाहीस ना?"

"मी? मी कधी झाडतो?"

"देव तुझा आळस असाच ठेवो! लोवेल, बादल्या! फावडं! त्याच बादल्या!"

लोवेल पेक्काला पळताना त्या खोऱ्यात कुणी कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला. दोन्ही हातांत बादल्या, दाढी दोन्ही खांद्यांवर उडतेय. दहा मिनिटांत तो आणि आर्डिथ परत आले ते काठोकाठ भरलेल्या चार बादल्या घेऊन. लीद रात्रीची होती, पण अजून ओली, उग्र वासाची. आर्डिथने वाटेवरची माती मुठीमुठीने त्यात टाकली, नदीचं पाणी ओतलं आणि बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात घातले.

"आर्डिथबाई!" हॅस्केटसाहेब ओंडक्यावरून उठून उभे राहिले. "अहो, हे काय! हे ऐतिहासिक बांधकाम आहे!"

"साहेब," आर्डिथ कालवता कालवता म्हणाली, "ह्या पुलावर याच्याहून ऐतिहासिक काही नव्हतं. तेच तर मी धुतलं."

हॅस्केटसाहेब जवळ आले. बादलीत वाकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, कचेरीतल्या चेहऱ्याच्या आतला दुसराच चेहरा.

"पाणी जास्त झालंय," ते म्हणाले.

"काय?"

"पातळ झालंय. फटींतून खाली जाईल. जरा घट्ट हवं, आणि थोडा पेंढा." त्यांनी टोपी काढून ओंडक्यावर ठेवली, फाइल टोपीवर ठेवली, नकाशाची गुंडाळी फाइलवर ठेवली. "मी विस्कॉन्सिनचा आहे. वडिलांच्या साठ गाई होत्या. सरका बाजूला."

आणि मग थिंबल नदीवर सडा पडला. पुढे आर्डिथ, ओंजळीने शिंपडत. मागे साहेब, झाडूने सारखं करत. त्यांच्यामागे लोवेल, पेंढा भुरभुरवत. कालच्या चकाकत्या फळ्या एकेक करून काळ्याकरड्या होत गेल्या. आर्डिथ प्रत्येक ओंजळीला हळहळत होती आणि प्रत्येक ओंजळीला हसत होती. डेल्मर काठावर मेबलच्या गळ्यात हात टाकून उभा होता आणि सूचना देत होता.

"साहेब, डाव्या कोपऱ्यात राहिलं!"

"दिसतंय मला!"

"सुतारीणबाई, जवसाचं तेल उरलंय का? वरून एक हात द्या!"

"ये इकडे, तुलाच देते!"

पलीकडच्या टोकापर्यंत सडा झाला. सगळे अलीकडच्या काठाला परत आले, हात नदीत धुतले आणि बाजूला झाले. कुणी सांगितलं नव्हतं, पण साहेबांनी टोपी हातातच धरली होती.

डेल्मरने दोरी घेतली. खेचली नाही. ढिली सोडली, पाठ फिरवून पुलावर दोन पावलं गेला आणि गाणं म्हणायला लागला, मोठ्याने नाही, भाकरी थापताना बाई म्हणेल तसं, आपल्यापुरतं:

*पाऊल टाक पाऊल, फळीला गं नको भिऊ,*
*काल होतं उभं झाड, त्याच्या सावलीनं जाऊ.*

मेबलने मान खाली घातली. हुंगलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. फाटका कान पुढे आला, मग दुसरा. तिने एक खूर उचलला आणि फळीवर ठेवला. फळी वाजली, पण पोकळ नाही. मातीवर वाजावी तशी. दुसरा खूर ठेवला.

आर्डिथने लोवेलचा दंड धरला होता. तो नंतर आठ दिवस निळा होता.

तिसरा. चौथा. पूल मेबलच्या वजनाने जरा खाली गेला आणि तिच्या चालीबरोबर झुलायला लागला. मेबलला हा झुला माहीत होता. ती अंग त्याच्या लयीत सोडून चालली होती, पालखी खांद्यावर घेतलेल्या भोयासारखी. खाली हिरवं पाणी. वर पिवळी झाडं. मधे करडी मेबल. डेल्मर गात होता:

*पाण्याकडे नको पाहू, पाणी पळपुटं भारी,*
*कुणी बोलावलं तरी, ते गं थांबेना दारी.*

बरोब्बर मध्यावर मेबल थांबली.

"नाही," आर्डिथ पुटपुटली. "नाही गं, नाही, बाई माझे."

मेबलने शेपटी वर केली. सगळ्या जगाला ऐकू जाईल असा एक सुस्कारा सोडला, आणि पुलाच्या नव्या फळ्यांवर निवांतपणे, घाई न करता, आपला स्वतःचा वाटा घातला. मग शेपटी खाली केली आणि चालू लागली.

"सही झाली!" डेल्मर मागे न बघता ओरडला. "साहेब! सही झाली बघा!"

आर्डिथने जी आरोळी ठोकली तिने पलीकडच्या काठावरचे कावळे उडाले. लोवेलने तिला उचललं. साहेब टोपीने मांडी बडवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते, "बापाने हे पाहायला हवं होतं." मेबल पलीकडच्या मातीवर उतरली आणि लगेच गवत खायला लागली, जणू काही झालंच नाही.

बाकीची आठ त्यानंतर एकामागे एक गेली, शेवटी घोडीसुद्धा. सगळ्यात लहान होतं टोबी, त्याला तर सोडलं तेव्हा ते स्वतःच पुढे निघालं; मेबलचा ढीग ओलांडताना त्याने तो आदराने हुंगला. वारा सुटला. लार्चच्या सुया झडायला लागल्या, बारीक, सोनेरी, आणि ओल्या सड्यावर पडून चिकटल्या. बघता बघता पुलावर रांगोळी उमटत गेली.

हकलबेरीचे पाय दोनच आणि खाणारे पाच: माणसं चार, पाचवी मेबल, तिला वरचं कवच आवडायचं. सगळे पलीकडच्या काठावर बसून खात होते. सगळ्यांचे ओठ जांभळे झाले होते. हॅस्केटसाहेबांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि एका ओळीत लिहिलं. आर्डिथने खांद्यावरून वाकून वाचलं. *पूल वापरात आहे. आहे तसाच ठेवावा.* तिने पायचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून साहेबांच्या हातात दिला.

"आता ह्याचं काय करायचं?" साहेबांनी निळ्या नकाशाची गुंडाळी उचलून धरली.

"वरच्या चौकीत शेगडी पेटवायला कागद लागतो," डेल्मर म्हणाला. "हिवाळाभर रडत असतात कागद नाही म्हणून."

"सरकारी कागद आहे. मला तो जाळता येत नाही."

"अर्थातच नाही."

"पण," साहेब विचार करत म्हणाले, "एखाद्या ओझ्यात तो चुकून गेला, तर ते मला कळायचं काही कारण नाही." आणि त्यांनी गुंडाळी टोबीच्या ताडपत्रीखाली नीट खोचली, बाहेर दिसू नये अशी, आणि वरून एक थोपटा दिला.

ते पुलावरून परत निघाले तेव्हा त्यांचे बूट घोट्यापर्यंत माखले होते. ते शीळ घालत होते. एक हात कठड्याच्या ओंडक्याला लावत लावत गेले, पार त्या टोकापर्यंत.

डेल्मरने खेचरं पुन्हा एकमेकांना जोडली. पातळ दोरी, एकेक गाठ. आर्डिथ शेवटच्या फळीवर कुठे काही चुकलंय का पाहत उभी होती.

"काय गं," त्याने विचारलं, "वरची चौकी पाहिलीयस का कधी?"

"नाही."

"दोन उन्हाळे पूल बांधत बसलीस, आणि पलीकडे काय आहे ते बघितलं नाहीस?"

"वेळ कुणाला होता?"

"वर एक तळं आहे. ह्या दिवसांत त्याच्यावर हंस उतरतात, बर्फाच्या आधी, तीन-चार दिवस. चौकीत जागा आहे. उद्या खाली येऊ."

आर्डिथने लोवेलकडे पाहिलं. लोवेल चारही बादल्या एकात एक घालत होता.

"जा," तो म्हणाला. मग आजच्या दिवसापुरते आणखी पाच शब्द खर्च केले. "आणि तिथे काही धुवू नकोस."

तिने त्याला मारायला जांभळा झालेला हात उगारला, तो हसत हसत पुलावरून पळाला. फळ्या झुलल्या, सळ्या किणकिणल्या. पुढे डेल्मरने गाणं धरलं होतं. आर्डिथने टोबीच्या मागची दोरी हातात घेतली, नऊ खेचरांच्या मागे दहावी, आणि पहिल्यांदाच त्या काठाच्या वाटेवर, वर तळ्याकडे, चालायला लागली.